क्षयरोग आणि परकीय अनुदान : टांझानियाचा धडा

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गरीब देशांना श्रीमंत देश मदत करतात, हे आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. अमुक कोटी डॉलर मंजूर झाले, अमुक करारावर सह्या झाल्या, एवढीच ती बातमी असते. पुढे त्या पैशाचे काय होते, तो कोणत्या गावापर्यंत पोहोचतो आणि त्याने कोणाचा खोकला थांबतो, याची बातमी सहसा होत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला ‘परकीय मदत’ हे प्रकरण शिकताना माझ्या मनात हाच प्रश्न आला. म्हणून एक रोग आणि एक देश घेऊन त्याचा थोडा अभ्यास करावा असे ठरविले. रोग घेतला क्षयाचा आणि देश आफ्रिकेतील टांझानिया. क्षयच का निवडला, याला घरगुती कारणही आहे. ते पुढे ओघाने येईलच.

रोग जुना, औषधही जुने

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि १९६० नंतरच्या दशकात रिफाम्पिसिन हे प्रभावी औषध हाती आले. रोगाचे कारण कळून जवळजवळ दीडशे वर्षे आणि खात्रीची औषधे मिळून साठ-सत्तर वर्षे झाली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ७ लाख माणसांना क्षय झाला आणि सुमारे १२ लाख ३० हजार माणसे त्याने दगावली. जगातील दर चार रुग्णांपैकी एक आपल्या भारतातला आहे.

औषध आहे आणि तरीही माणसे मरतात, हे कोडे कसे सोडवावयाचे? त्याचे उत्तर या रोगाच्या स्वभावात आहे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो. पहिल्या दोन महिन्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागू लागते. माणसाला वाटते, आपण बरे झालो. घरात कामे पडलेली असतात, मजुरी बुडत असते. तो गोळ्या सोडतो. पण शरीरात उरलेले जंतू मेलेले नसतात. ते पुन्हा उठतात आणि कधी कधी असे निर्ढावून उठतात की नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. मग उपचार अधिक लांबतो, अधिक महाग होतो, आणि तोवर तो माणूस घरादाराला रोग वाटत असतो.

म्हणून क्षयाच्या बाबतीत पैशाचे काम गोळी विकत घेऊन संपत नाही. शेवटची गोळी रुग्णाच्या पोटात जाईपर्यंत ते चालू राहते. अनुदानाचा विचार करताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

टांझानियात काय घडले

टांझानियाची निवड मी एका विशेष कारणासाठी केली. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे मूळचे शिक्षक. लोक त्यांना ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी म्हणत. त्यांच्या पक्षाने १९६७ मध्ये अरुशा या गावी एक जाहीरनामा काढला. स्वावलंबन हा त्याचा गाभा होता. परक्यांच्या देणग्यांवर आणि कर्जांवर विकास उभारू पाहणारा देश आपले स्वातंत्र्य धोक्यात घालतो, असे त्यात स्पष्ट बजावले होते. गंमत अशी की परक्या पैशाविषयी इतके सावध असलेल्या याच देशात परकीय अनुदानावर चाललेला क्षयाचा कार्यक्रम साऱ्या जगाला नमुना ठरला. हे कसे घडले?

१९७७ साली टांझानियाने राष्ट्रीय क्षय व कुष्ठरोग कार्यक्रम सुरू केला. त्याला क्षयरोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे साहाय्य होते आणि पैसा मुख्यत: स्वित्झर्लंड व नेदरलँड्स या देशांतून येत होता. कार्यक्रमाची आखणी करणारे डॉक्टर होते कारेल स्टिब्लो. ते मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावणीत असताना त्यांना स्वत:ला क्षय झाला होता. पुढे त्यांनी सारे आयुष्य याच रोगाच्या कामात घालविले.

स्टिब्लो यांनी मोठमोठी क्षय रुग्णालये उभारण्याचा मार्ग धरला नाही. देशात जिल्हा रुग्णालये, लहान दवाखाने आणि सरकारी कर्मचारी अगोदरच होते. तीच यंत्रणा त्यांनी वापरली. साधारण एक ते दीड लाख लोकवस्तीचा एक विभाग धरावयाचा, त्याला एक समन्वयक नेमावयाचा, थुंकी तपासण्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र द्यावयाचे आणि औषधांचा राखीव साठा कायम शिल्लक ठेवावयाचा, अशी ती रचना होती. नोकरवर्ग देशाचा; औषधे, यंत्रे, वाहने आणि देखरेखीचा खर्च प्रामुख्याने अनुदानातून. परक्या पैशाने दुसरी सवती यंत्रणा उभी राहिली नाही, जी होती तिलाच बळ मिळाले.

दुसरी गोष्ट औषधांची. रिफाम्पिसिन त्या काळी फार महाग होते. ते सगळ्यांना पूर्ण मुदतभर देणे परवडणारे नव्हते. म्हणून १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आठ महिन्यांची पद्धत बसविली गेली. पहिले दोन महिने रिफाम्पिसिनसह चार औषधे, तीही कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणि बहुधा रुग्णालयात ठेवून. नंतरचे सहा महिने स्वस्त गोळ्या घरी. महाग औषध जेथे सर्वांत जास्त उपयोगी पडते तेथेच ते खर्च करावयाचे, असा हा हिशेब होता. घरात तेल थोडे असले की आपल्या आया ते फोडणीपुरते राखून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे नोंदवही. दर तीन महिन्यांनी नोंदलेल्या रुग्णांचा एक गट धरावयाचा आणि मुदत संपल्यावर त्यातील प्रत्येकाचे काय झाले ते लिहावयाचे. बरा झाला, मेला, उपचार सोडून गेला, दुसरीकडे गेला की उपचार असफल ठरला. कोणालाही या हिशेबातून वगळता येत नसे. किती गोळ्या वाटल्या, यापेक्षा किती माणसे बरी झाली, हा प्रश्न त्यात विचारला जाई. देणाऱ्या देशालाही तेच कळे आणि जिल्ह्याच्या समन्वयकालाही तेच.

याचा परिणाम असा झाला की नव्या पद्धतीने उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी बरे होणाऱ्यांचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेले. गरीब देशांत हे होऊ शकत नाही, असे मानणाऱ्यांना हे उत्तर होते. जागतिक बँकेने १९९३ च्या आपल्या विकास अहवालात क्षयाचा उपचार हा खर्चाच्या मानाने सर्वाधिक लाभ देणाऱ्या आरोग्य उपायांपैकी एक असल्याचे म्हटले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने क्षय ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले, आणि पुढे स्टिब्लो यांची पद्धत ‘डॉट्स’ या नावाने जगभर नेली.

अर्थात टांझानियातून क्षय गेला असे मात्र नव्हे. एड्सची साथ आली आणि क्षयाचे रुग्ण भराभर वाढले. १९८३ मध्ये वर्षाला सुमारे १२ हजार रुग्ण नोंदले जात होते, तो आकडा २००० नंतरच्या वर्षांत ६० हजारांच्या वर गेला. काही जण यावरून म्हणतील की अनुदान वाया गेले. मला तसे वाटत नाही. पाचपट रुग्ण आले तरी थुंकी तपासणारा माणूस, औषधांचा साठा आणि नोंदवही जागेवर होती. पूर अडला नाही हे खरे. परंतु पुरात बुडणाऱ्यांसाठी होडी तरी तयार होती.

भारताशी असलेला संबंध

हे सारे वाचताना वाटते की आपण त्यांच्यापेक्षा पुढे असावयास हवे होते. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे ते संयुक्त काम होते. १९५९ मध्ये त्या केंद्राने दाखवून दिले की गरीब वस्तीत, दाटीवाटीच्या घरात राहून औषध घेणारा रुग्णही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. थंड हवेच्या आरोग्यधामाची ऐपत नसलेल्या कोट्यवधी माणसांना या शोधाने आशा दिली. १९६२ मध्ये आपला राष्ट्रीय कार्यक्रम सुरूही झाला.

परंतु शोध लावणे वेगळे आणि तो तीस वर्षे गावोगाव राबविणे वेगळे. १९९२ मध्ये या कार्यक्रमाची पाहणी झाली. तेव्हा आढळले की निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पुरे करतात, औषधांचा वारंवार तुटवडा पडतो आणि थुंकी तपासण्याऐवजी क्ष-किरण चित्रावर भर दिला जातो. पैसा कमी होता हे एक, आणि रुग्णाचे शेवटी काय झाले ते विचारणारे कोणी नव्हते हे दुसरे.

१९९३ पासून प्रायोगिक स्वरूपात आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर सुधारित कार्यक्रम आला. त्यासाठी जागतिक बँकेकडून सुमारे १४ कोटी २० लाख डॉलर मिळाले. येथे एक भेद लक्षात घ्यावा. हे अनुदान नसून सवलतीचे कर्ज होते. अनुदान परत करावयाचे नसते. कर्ज, कितीही सवलतीचे असले तरी, फेडावे लागते. याशिवाय डेन्मार्कने ओरिसात, ब्रिटनने आंध्र प्रदेशात मदत केली, ती मात्र अनुदानाच्या रूपाने. एक लाख वस्तीला थुंकी तपासणी केंद्र, पाच लाख वस्तीला एक क्षय पथक आणि त्यात मोटारसायकलवरून फिरणारा उपचार पर्यवेक्षक, अशी नवी रचना झाली. ही रचना पाहिली की टांझानियाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मार्च २००६ पर्यंत सारा देश तिच्याखाली आला.

ग्लोबल फंडाची रीत

आज गरीब देशांच्या क्षय कार्यक्रमांना बाहेरून जो पैसा मिळतो त्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग एका संस्थेमार्फत येतो. तिचे नाव ग्लोबल फंड. एड्स, क्षय आणि हिवताप या तीन रोगांसाठी ती २००२ मध्ये जिनिव्हा येथे सुरू झाली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे.

फंड स्वत: कोणत्याही देशात दवाखाने चालवीत नाही. प्रत्येक देशात एक समन्वय समिती असते. तिच्यात सरकार, स्वयंसेवी संस्था आणि प्रत्यक्ष त्या रोगातून गेलेली माणसे बसतात. ही समिती मागणी तयार करते. स्वतंत्र तज्ज्ञ ती तपासतात. मंजूर रक्कम एका मुख्य संस्थेकडे, बहुधा आरोग्य किंवा अर्थ मंत्रालयाकडे जाते, आणि फंडाने नेमलेला स्थानिक तपासनीस हिशेब पाहतो. अनुदान साधारण तीन वर्षांचे असते आणि कामाचे फळ दिसेल तसतसा पुढचा पैसा सुटतो. रुग्णाला निर्णयाच्या टेबलावर खुर्ची मिळाली, ही यातील मोठी गोष्ट होय.

तरीही दोन शंका राहतात. पहिली वाटणीची. फंडाच्या वाटपात अनेक वर्षे क्षयाचा वाटा शंभरात अठरा एवढाच होता, आणि प्राण घेण्यात क्षय तर जगातल्या संसर्गजन्य रोगांच्या पहिल्या रांगेत. दुसरी शंका, पैसा शेवटी कोठे जातो ही. ‘जीन एक्सपर्ट’ नावाच्या यंत्राने दोन तासांत क्षय ओळखता येतो. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. पण प्रत्येक तपासणीला लागणारी कुपी महाग होती. २०१२ मध्ये दात्यांनी मिळून रक्कम भरली तेव्हा ती ९ डॉलर ९८ सेंटला मिळू लागली, आणि ती किंमत ७ डॉलर ९७ सेंटवर यायला २०२३ उजाडले. अनुदानाचा पैसा गरीब देशाच्या नावावर निघतो, पण त्याचा एक भाग फिरून श्रीमंत देशाच्या कारखान्यात जातो. घाऊक खरेदी करून किमती खाली आणणारी जागतिक औषध सुविधा ही व्यवस्था २००१ पासून आहे, तिचे महत्त्व त्यामुळेच आहे.

जे हिशेबाच्या वहीत येत नाही

आता घरगुती कारण सांगते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे थोरले चुलते दरवर्षी ऊसतोडीला जात. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. औषधे पूर्ण मोफत मिळाली, गावच्या आशाताई आठवड्याला येऊन विचारून जात. त्याबद्दल कोणतीही तक्रार करण्यास जागा नाही. पण उपचार सहा महिन्यांचे आणि उसाचा हंगामही जवळजवळ तेवढाच. मुकादमाकडून उचल घेऊन ठेवलेली. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. चुलते घरी राहिले तर कोयता अर्धा होणार. तेव्हा माझी चुलत बहीण नववीची शाळा सोडून आईबरोबर टोळीत गेली. चुलते बरे झाले. बहीण मात्र परत शाळेत गेली नाही.

त्या काळात शासनाकडून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत. ही योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. ही रक्कम थोडी असली तरी तिच्यामागचा विचार योग्य आहे, असे मला वाटते. स्टिब्लो यांच्या नोंदवहीत माझे चुलते ‘बरा झाला’ या रकान्यात गेले असते, आणि ते खरेही आहे. पण बहिणीच्या शाळेसाठी त्या वहीत रकाना नाही. अनुदान देणारा आपला खर्च मोजतो. रुग्णाच्या घराने केलेला खर्च कोण मोजतो? जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेल्या पाहण्यांत असे दिसले की क्षय झालेल्या सुमारे निम्म्या कुटुंबांचा या रोगापायी होणारा खर्च व बुडालेली मजुरी मिळून वर्षाच्या उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून अधिक होते. मोफत औषध असूनही ही स्थिती आहे.

पोटाचा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे, याचा पुरावाही आपल्याच देशात मिळाला. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ देऊन पाहण्यात आले. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धान्य मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. तांदूळ आणि डाळ यांची ही किमया एखाद्या लसीला शोभेल अशी आहे. पण परकीय अनुदानाच्या याद्यांत यंत्रे आणि औषधे सहज बसतात, धान्य मात्र क्वचितच बसते.

पैसा थांबला तर?

२०२५ हे वर्ष या दृष्टीने डोळे उघडणारे ठरले. क्षयासाठी जगात जी परकीय मदत मिळते, तिचा सुमारे निम्मा भाग थेट किंवा ग्लोबल फंडामार्फत एकट्या अमेरिकेकडून येत असे. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेने आपली परकीय मदत एकाएकी रोखली आणि १ जुलै रोजी तिची मदत संस्था यूएसएड बंद झाली. अनेक देशांत थुंकीचे नमुने पोहोचविणारी वाहने, गावात फिरणारे आरोग्यसेवक, औषधांचा पुरवठा आणि नोंदी ठेवणारी व्यवस्था यांना धक्का बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोहान्सबर्ग येथे ग्लोबल फंडासाठी निधी जमविण्यात आला. उद्दिष्ट होते १८ अब्ज डॉलरचे. आश्वासने मिळाली ११.३४ अब्जांची.

क्षयाचा जंतू मात्र कोणाच्या अंदाजपत्रकासाठी थांबत नाही. चौथ्या महिन्यात असलेल्या रुग्णाला, देणारा देश बदलला म्हणून पाचव्या महिन्याची गोळी नाही, असे सांगता येत नाही. अरुशाच्या जाहीरनाम्यातील इशारा येथे आठवतो. परका पैसा घेऊच नये, असा त्याचा अर्थ मी करीत नाही. टांझानियाने तो घेतला आणि त्यात हजारो जीव वाचले. परंतु ज्या कामावर एखाद्याचा उद्याचा श्वास अवलंबून आहे, ते काम सर्वस्वी दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवू नये, एवढा अर्थ निश्चित निघतो. आज जगात क्षयावर खर्च होणाऱ्या पैशांपैकी सुमारे चारपंचमांश पैसा त्या त्या देशांचा स्वत:चाच आहे, ही समाधानाची बाब आहे. पण तो सरासरीचा आकडा आहे. भारत, चीन, ब्राझील यांसारखे मोठे देश त्यात आहेत. अगदी गरीब देशांत अजूनही निम्म्याहून अधिक भार परक्या मदतीवर आहे.

निष्कर्ष

एवढ्या अभ्यासानंतर मला असे वाटते की क्षयासाठी मिळणाऱ्या कोणत्याही अनुदानाला तीन प्रश्न विचारावेत. ते देशाच्या स्वत:च्या यंत्रणेला बळ देते की तिच्या शेजारी दुसरी यंत्रणा उभी करते? ते वाटलेल्या गोळ्या मोजते की बरी झालेली माणसे? आणि ते थांबेल त्या दिवशी रुग्णाच्या हातात गोळी कोण ठेवणार, हे अगोदर ठरले आहे काय? टांझानियाने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चाळीस वर्षांपूर्वी दिली. तिसऱ्याचे उत्तर अजून अनेक देशांना द्यावयाचे आहे.

चौथा एक प्रश्न मी माझ्याकडून जोडते. रुग्ण बरा होत असताना त्याच्या घरात आणखी कोणाला काय गमवावे लागले? संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या सभेत क्षयासाठी २०२७ पर्यंत दरवर्षी २२ अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले. २०२४ मध्ये प्रत्यक्षात ५.९ अब्जच उपलब्ध झाले. ही तूट भरून निघावी असे सर्वांनाच वाटते. ती भरताना नोंदवहीत एक नवा रकाना आखला जावा, आणि त्यात मजुरी, धान्य व मुलांची शाळा यांचा हिशेब लिहिला जावा. तसे झाले तर अनुदान खऱ्या अर्थाने पोहोचले असे म्हणता येईल.